'लोकशाही पद्धतीने' म्हणजे कसे?

वाकोल्याच्या नाल्याकाठी आमची वस्ती आहे. एका अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या अंगाला विद्यापीठाचे कलिना संकुल, आणि मध्ये विटांच्या, पत्र्यांच्या, एकावर एक चढवलेल्या खोल्यांची दाटी. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा पाणी कुठवर चढले होते याची खूण काही भिंतींवर पुढे कित्येक वर्षे दिसत असे. या वस्तीच्या पुनर्विकासासाठी सभा भरली होती. मी रात्रशाळेत मराठी शिकवतो. म्हणून इतिवृत्त वाचून दाखविण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले. मी वाचले, "सदर विकासकाची निवड सभेने लोकशाही पद्धतीने केली." लोक उठू लागले. तेवढ्यात दाराशी उंबऱ्यावर बसलेल्या एका आक्कांनी विचारले, "गुर्जी, लोकशाही पद्धतीनं म्हंजे कसं वो?"

आक्का महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या प्रश्नावर सभेत हशा पिकला. मलाही उत्तर देता आले नाही. व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला एका क्रियाविशेषणाचा अर्थ सांगता येऊ नये, ही गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

१

क्रियाविशेषण क्रियेबद्दल अधिक माहिती सांगते. ते 'केव्हा', 'कोठे', 'किती' आणि 'कसे' या प्रश्नांची उत्तरे देते. यांपैकी 'कसे?' या प्रश्नाला उत्तर देणारे ते रीतिवाचक. आक्कांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचा प्रश्न अचूक होता. हसणारे आम्हीच अडाणी ठरलो.

'लोकशाही' या शब्दापासून मराठीत एकशब्दी क्रियाविशेषण रूढ झालेले नाही. 'प्रेमाने', 'जोराने' म्हणतो तसे 'लोकशाहीने निवड केली' असे कोणी म्हणत नाही. आपण तृतीयेचा आधार घेतो आणि 'लोकशाही पद्धतीने' किंवा 'लोकशाही मार्गाने' असा पदबंध तयार करतो. या दोहोंच्या वापरातला फरक वाचकांनी कधी न्याहाळला आहे काय? सत्तेवर असलेला स्वतःच्या निर्णयाबद्दल बोलतो तेव्हा तो 'लोकशाही पद्धतीने' घेतलेला असतो. मोर्चा घेऊन येणाऱ्याला मात्र 'लोकशाही मार्गाने' जाण्याचा उपदेश केला जातो. एकाला पद्धत, दुसऱ्याला मार्ग. आणि तो मार्गही बहुधा पोलिसांनी आखून दिलेला.

या शब्दातील 'शाही' फारसीतून आलेली आहे. दख्खनच्या इतिहासात आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही होऊन गेल्या. पुढे नोकरशाही, हुकूमशाही, भांडवलशाही, झुंडशाही हे शब्द घडले. सत्ता कोणाची वा कशाची, हे या शब्दांच्या पूर्वपदावरून कळते. तेव्हा 'लोकशाही'त सत्ता 'लोकां'ची. इथवर सर्वांचे एकमत आहे. खरा प्रश्न पुढे येतो: लोक म्हणजे कोण?

आपल्या भाषेतच याचे एक जुने उत्तर दडलेले आहे. 'गावाने ठरवले' असे वाक्य आपण सहज बोलतो. या वाक्यातल्या कर्त्यामध्ये महारवाडा कधी होता? मांगवाडा होता? 'गाव करील ते राव काय करील' ही म्हण गावाच्या एकजुटीचे कौतुक सांगते. पण त्या एकजुटीचा दाहक अनुभव गावकुसाबाहेरच्यांनी घेतला आहे. बहिष्कारही 'गावानेच' ठरवलेला असे, आणि चावडीवर, पाच जणांना विचारून, रीतसर ठरवलेला असे. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेवर जो प्रखर हल्ला चढविला त्याचे मूळ येथे आहे. खेड्याला प्रजासत्ताक म्हणून गौरविणाऱ्यांनी त्यातला 'प्रजा' हा शब्द तपासलाच नव्हता.

२

'लोकशाही पद्धतीने' या शब्दाच्या जागी आपण नकळत दुसरीच क्रियाविशेषणे वापरत असतो. ती एकेक वेगळी करून पाहावयास हवीत.

पहिले, 'ठराव करून' किंवा 'बहुमताने'. महाडचे उदाहरण आपल्या सर्वांना पाठ आहे, पण या अंगाने ते क्वचितच वाचले जाते. १९२३ साली सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदेमंडळाने ठराव केला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि ठरावातले क्रियापद त्या दिवशी प्रथम प्रत्यक्षात आले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

खुले करणारा ठराव नगरपालिकेचा, बंद करणाराही तिचाच. सभा, सूचना, नोंद ही सारी रीत दोन्ही वेळा पाळली गेली असे धरून चालू. मग दुसरा ठरावही 'लोकशाही पद्धतीने' झाला म्हणावयाचे काय? नाही. त्या काळी नगरपालिकेचा मताधिकार मालमत्तेशी आणि कराशी बांधलेला होता. ज्यांच्या तहानेविषयी निर्णय होत होता ते निर्णय घेणाऱ्यांत नव्हते. शिवाय, माणसाने पाणी प्यावे की नाही हा बहुमताने ठरविण्याचा विषयच नव्हे. बहुमत ही मोजणीची रीत आहे. कशाची मोजणी करावयाची आणि कशाची नाही, हे त्याआधी ठरलेले असावे लागते. आपल्या संविधानातील मूलभूत हक्क म्हणजे बहुमताच्या हाती न सोपवलेल्या गोष्टींची यादी आहे. महाडचा वाद अखेर न्यायालयातच मिटला; १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तळ्यावरच्या पहिल्या ओंजळीनंतर दहा वर्षांनी.

दुसरे, 'सर्वानुमते', 'एकमताने', 'बिनविरोध'. हे शब्द आपल्याकडे फार आवडते आहेत. निवडणूक बिनविरोध झाली की वर्तमानपत्रे गावाची पाठ थोपटतात. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तेथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले होते. पैसा देवळाच्या कामासाठी म्हणून बोलला गेला होता. विरोध नव्हता हे खरे. पण विरोध करण्याची किंमत कोणाला परवडणारी होती? तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी यांसारख्या गावांत पंचायतीचे अध्यक्षपद अनुसूचित जातींसाठी राखीव झाले तेव्हा, १९९६ पासून सुमारे दहा वर्षे, ते पद चालूच दिले गेले नाही. कधी कोणी अर्जच भरला नाही, कधी निवडून आलेल्याने लागलीच राजीनामा दिला. अर्ज न भरणे कायदेशीर आहे. राजीनामा देणेही कायदेशीर आहे. कागदावर कोठेही खोट नाही, आणि तरी सारा प्रकार भीतीचा आहे. २००६ मध्ये तेथे निवडणुका पार पडून निवडून आलेले दलित अध्यक्ष पदावर बसले, तेव्हा कुठे त्या आरक्षणाला अर्थ आला. तेव्हा एकमत दिसले की विचारावे: हे पटल्यामुळे झाले की धाकामुळे?

तिसरे, 'सनदशीर'. सनद म्हणजे राजाने दिलेला लेखी अधिकार. सनदेला धरून ते सनदशीर. पुढे संविधानाला धरून चाललेल्या कृतीसाठी हा शब्द रुळला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले की सामाजिक व आर्थिक उद्दिष्टांसाठी आता सनदशीर मार्गच धरावेत. रक्तरंजित मार्ग तर नकोतच, पण सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हेही नकोत. या विधानाचा उपयोग आज आपल्याच मोर्च्यांविरुद्ध केला जातो. असे करणारे एक गोष्ट सोयीने विसरतात. सनदशीर मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा दुसऱ्या मार्गांना पुष्कळ समर्थन होते, हेही त्यांनी त्याच ओघात सांगितले आहे. आणि त्याच भाषणात त्यांनी राजकीय समता व सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगती लवकर दूर न केल्यास विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा डोलारा उधळून लावतील, असा इशाराही दिला आहे. उपदेश दोन्ही बाजूंना होता. एका बाजूने तो पाळावयाचा आणि दुसऱ्या बाजूने विसरावयाचा, हा करार त्यांनी केला नव्हता.

नामांतराचा लढा या संदर्भात आठवावा. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. यापेक्षा सनदशीर काय असते? उत्तर म्हणून मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षे एक सनदशीर ठराव जाळपोळीपुढे अडून राहिला. या काळात लोकशाही मार्गाने चालण्याचा उपदेश मात्र कोणाला केला जात होता, हे वाचकांना सांगावयास नको.

३

मग 'लोकशाही पद्धतीने' याचा विधायक अर्थ काय? नकार पुरेसा नाही. आपल्यापाशी मापदंड हवा.

लोकशाही ही मुळात एकत्र जगण्याची रीत आहे, ही बाबासाहेबांची भूमिका १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'पासून स्पष्ट आहे. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यातील भाषणात त्यांनी लोकशाहीची व्याख्या लोकांच्या आर्थिक-सामाजिक जीवनात रक्तपाताविना क्रांतिकारक बदल घडवून आणणारी शासनपद्धती अशा आशयाने केली, आणि ती यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या: ढळढळीत विषमतेचा अभाव, विरोधी पक्षाचे अस्तित्व, कायद्यापुढे व कारभारात समान वागणूक, संविधानिक नीती, बहुमताकडून अल्पमताची गळचेपी न होणे, समाजाची नैतिक व्यवस्था आणि लोकांची जागी सदसद्विवेकबुद्धी. या यादीत मतमोजणी नाही. ती गृहीतच आहे. अटी आहेत त्या मोजणीच्या आधीच्या आणि नंतरच्या.

आणखी मागे जाऊ. बौद्ध भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती, हे बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले होते. हे केवळ अभिमानाने उच्चारण्याचे वाक्य नव्हे. विनयपिटकात त्या पद्धतीचे तपशील आहेत आणि ते आजही शिकविणारे आहेत. संघापुढे विषय मांडण्यापूर्वी त्याची 'ञत्ति' म्हणजे रीतसर सूचना द्यावी लागे. महत्त्वाच्या कामात ती मांडून तीन वेळा संघाला विचारले जाई. मान्य असणाऱ्याने मौन धरावे, नसणाऱ्याने बोलावे. कामाच्या गांभीर्याप्रमाणे गणपूर्तीची संख्या वेगळी असे: कोठे चार, कोठे पाच, कोठे दहा, कोठे वीस. आजारी भिक्खू आपला 'छंद', म्हणजे संमती, दुसऱ्याबरोबर पाठवी. वाद मिटविताना पहिला नियम 'सम्मुख' हा होता: ज्यांच्याविषयी निर्णय आहे ती माणसे समोर हवीत.

त्यानेही वाद मिटला नाही तर 'येभुय्यसिका', म्हणजे बहुसंख्येने निर्णय. त्यासाठी शलाका वाटल्या जात. शलाका देणारा व गोळा करणारा माणूस संघ आधी निवडी, आणि आवड, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा असाच तो असावा असा दंडक होता. मत गुप्त, कानात सांगून किंवा उघड, अशा तीन रीतींनी घेता येई. म्हणजे मताच्या मोजणीइतकीच मोजणाऱ्याची चिंता अडीच हजार वर्षांपूर्वी केली गेली होती.

हे सांगताना आंधळा गौरव करू नये. धर्माच्या विरुद्ध मत अधिक पडले तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत म्हणून ती मोजणी बाजूस सारण्याची मुभा विनयात आहे. बहुमत म्हणजे सत्य नव्हे ही जाण त्यामागे आहे, पण ही मुभा आपमतलबी माणसाच्या हाती पडली तर काय होईल, हेही उघड आहे. भिक्खुणींनाही बरोबरीचे स्थान नव्हते; आठ गुरुधर्मांनी त्यांना भिक्खूंच्या खाली ठेवले होते. आपण परंपरेतून घ्यावयाचे ते तपासून. सूचना, गणपूर्ती, सम्मुखता, निर्भय मत आणि निःपक्ष मोजणारा या पाच गोष्टी घेतल्या तरी आक्कांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते.

४

आता वाकोल्याच्या सभेकडे परत येऊ आणि तिला हे प्रश्न विचारू.

सूचना कधी लागली? आदल्या रात्री, समितीच्या दारावर. लोक कोण? ज्यांच्या नावावर खोली आहे ते. भाडेकरू, विधवा सून, माळ्यावर राहणारा धाकटा भाऊ यांना जागा सोडावी लागणार, पण त्यांचे मत कोणी विचारले नाही. माहिती काय होती? चकचकीत चित्रांचे एक पत्रक. करारनामा कोणी वाचला नव्हता, कारण तो इंग्रजीत होता. विरोध करता येत होता काय? व्यासपीठाजवळ विकासकाची चार अनोळखी माणसे उभी होती. मोजले कोणी? कोणीच नाही. हात वर झाले, अध्यक्षांनी नजर फिरवली, टाळ्या पडल्या.

झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ पासून संमतीच्या टक्केवारीवर उभी आहे. आधी ७० टक्के संमती लागे, पुढे ती अट ५१ टक्क्यांवर आणण्यात आली. संमती ही लोकशाहीची पहिली पायरी आहे, पण अंगठा उठला एवढ्याने ती पुरी होत नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याचे 'हो' मोजण्यात काय अर्थ?

वरच्या पातळीवरही हे क्रियाविशेषण असेच सैल झाले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगरपालिकांना संविधानात स्थान दिले आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे बंधन घातले. तरी मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात वाकोल्याचा नाला साफ झाला नाही तर नगरसेवकाच्या दारी जाण्याची सोय उरली नाही. होते ते केवळ एच-पूर्व विभागाचे कार्यालय आणि तिथला अर्जांचा गठ्ठा. नाव लोकशाहीचे होते. कसे, हे सांगणारी निवडणूक नव्हती.

तथापि बोट केवळ बाहेर दाखविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या विहारांची, मंडळांची, संघटनांची समिती कशी निवडली जाते? 'सर्वानुमते' त्याच त्या पाच जणांची फेरनिवड होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे किती शकले झाली, आणि त्यांतले किती तुकडे कार्यकर्त्यांच्या मताने पडले, याचा हिशेब आपणच द्यावयास हवा. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, हा बाबासाहेबांचा इशारा आपण फलकावर लिहितो आणि फलकाखाली नव्या नेत्याच्या पाया पडतो. घरात काय चालते? मुलीचे शिक्षण थांबविण्याचा निर्णय घरातले पुरुष घेतात आणि 'घरच्यांनी ठरवले' असे सांगतात. 'गावाने ठरवले' या वाक्याचे हे धाकटे भावंड आहे. आक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या हेही विसरू नये. आत खुर्च्या होत्या; त्यांवर आम्ही पुरुष बसलो होतो.

शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी म्हणून हा शब्द वापरण्यापूर्वी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. ज्यांच्यावर परिणाम होणार ते सर्व समोर होते काय? त्यांना त्यांच्या भाषेत, पुरेशा आधी, माहिती मिळाली काय? निर्भयपणे 'नाही' म्हणता येत होते काय? मोजणी झाली आणि मोजणाऱ्यावर विश्वास होता काय? चूक ठरली तर निर्णय बदलण्याची वाट खुली आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर दुसरा, खरा शब्द वापरावा: 'बहुमताने', 'हात वर करून', 'अध्यक्षांच्या म्हणण्यावरून', 'भीतीपोटी'. मराठीत क्रियाविशेषणांची वाण नाही.

पुढच्या रविवारी समितीने सभा पुन्हा बोलावली. मागचे इतिवृत्त कायम करावयाचे होते. मी उभा राहून 'लोकशाही पद्धतीने' हे शब्द खोडण्याची सूचना मांडली. सेक्रेटरी चिडले, म्हणाले, "सर, शब्दानं काय फरक पडतो?" मी म्हटले, फरक पडत नसेल तर खोडायला हरकत नसावी. बराच वाद झाला. शेवटी त्या ओळीच्या जागी लिहिले गेले : "हात वर करून. हात मोजले नाहीत."

ही ओळ लिहिली गेल्यावर तिच्यावर सही करावयास अध्यक्ष तयार होईनात. जे घडले तेच लिहिले होते, तरी सही होईना. अखेर निवड नव्याने करावयाची ठरली: पंधरा दिवस आधी सूचना, करारनाम्याचे मराठी भाषांतर, चिठ्ठीवर मत, आणि मोजणीला वस्तीतल्या दोन बाया. त्यांतल्या एक आक्का. निकाल कदाचित तोच लागेल; विकासक तोच राहील. पण या खेपेस मत विचारले जाईल तेव्हा आक्का आत असतील, आणि त्यांच्यापुढे चिठ्ठ्यांची पेटी असेल.